चाळणीवर राहिलेल्या सोन्याबाबत

दि. ११ मे १९८२

प्रति,
मा. खाणपट्टा अधिकारी,
वालगुना विभाग, व्हिक्टोरिया.

विषय : ‘लेट लंच’ खाणपट्टा येत्या शुक्रवारी रद्द न करण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, शेरा ‘शिरेत सोने नाही’.

महोदय,

अर्जदार श्रीमती डोरीन ट्रेवेना, वय ६१, विनंतीपूर्वक सादर करते की,

१. आपले निरीक्षक श्री. पास्को यांनी खडकातल्या सोन्याच्या शिरेतून दगडाचे बारा नमुने नेले व बाराही कोरे निघाले. तेथून वीतभर अंतरावर अर्जदाराच्या छिन्नीखाली वाटाण्याएवढे सोने निघाले. ते पाहून श्री. पास्को म्हणाले, “बाई, हे तुम्हीच घरून आणून चिकटवलंत.” अर्जदाराच्या घरी सोने असते तर छप्पर गळके नसते.

२. ही शीर अशीच लहरी आहे. हे पटवण्यासाठी अर्जदाराने सोमवारी आपल्या कचेरीसमोरच्या बेकरीतून दहा बेदाण्याचे पाव आणून आपल्या कारकुनासमक्ष फोडले. नऊ कोरे, दहाव्यात अकरा बेदाणे. बेकरीवाले ओरडले, “डोरीन, माझी अब्रू चव्हाट्यावर आणतेस काय!” त्यांची क्षमा मागितली आहे. पाव कारकुनांनी खाल्ले.

३. आज सकाळी हे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या श्रीमती आयव्ही हॉकिंग यांचा फोन आला. “अगं, दळलं की दगडाचं पीठ होतं, सोनं नुसतं चपटं होतं! चाळणीतून गेलंच नाही. चाळणीच्या पितळेचा कीस समजून मी डब्यात झटकत होते!” त्यांनी बाराही नमुन्यांचा चाळणीवर उरलेला कचरा तपासला. अकरा अजूनही कोरेच. बाराव्यात पावणेदोन ग्रॅम. अर्जदार तेव्हापासून हसत आहे, अक्षराबद्दल माफी असावी.

४. बारा नमुन्यांच्या मिळून साठ किलो दगडात हे वाटले तर टनाला एकोणतीस ग्रॅम पडतात. परंतु अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करते की हा आकडाही खरा नसावा. आपले शून्य खोटे, तसे हेही. मूठभर दगडावरून ही शीर कोणालाच कळणार नाही. नवरा गेल्यावर तेवीस वर्षे अर्जदार तिच्याशी एकटीच झुंजते आहे. ती अशी कागदावर मेलेली बघवत नाही.

तरी वीस टन दगड आपल्यासमक्ष भरडून, चाळणीसकट तपासावा व तोवर पट्टा चालू ठेवावा. दगड कुठला घ्यायचा ते श्री. पास्को यांनीच ठरवावे. छिन्नी अर्जदार देईल.

आपल्याच दारातल्या बाकावर बसलेली,
आपली नम्र,
डोरीन ट्रेवेना

सोबत : चाळणीवरचा कचरा, मोहोरबंद डबा, एक. (कृपया शिंक आवरून उघडावा.)