रिकाम्या गाडीची उंची

१८ नोव्हेंबर

पाया खोदला! बऱ्हाणपूर रस्त्यालगतच्या आमच्या तुकड्यात आज कुदळ पडली. नारळ मीच फोडला. ह्यांचा फोन ग्वाल्हेरहून — केळी घेऊन दिल्लीला चाललेत. 'नारळ कसा निघाला?' म्हटलं, गोड निघाला, अर्धा तुमचा ठेवते, नासला तर मला विचारू नका.

खाली ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, दुरुस्त करायचं वर्कशॉप, वर आम्हाला दोन खोल्या. 'शटर बसलं का मी स्टिअरिंग सोडतो' — हे ह्यांचं वचन. पंचवीस वर्षं ट्रकवर. लग्नालाही पंचवीसच. रावेरच्या ह्या भाड्याच्या खोलीत त्यातले किती दिवस राहिले, तो हिशेब नकोच.

५ डिसेंबर

सुकदेव मिस्त्रींना काहीही विचारा, म्हणतात, 'वनाभाऊंना विचारा.' वनाभाऊ म्हणजे हे, आणि हे फोनवर! उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय — आणि शेळी मी! वाळू, खडी, सळई, सगळं मी उभी राहून उतरवून घेते. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. मी दोन्ही एकटीनेच केली की काय!

२२ डिसेंबर

शटर किती उंच ठेवायचं हा प्रश्न. आपली गाडी आत यायला हवी ना. हे भरलेली गाडी घेऊन रस्त्याला थांबले — इंजिन चालूच. चहा खिडकीतून घेतला. 'तूच मापून घे,' म्हणाले. ह्यांच्या सोबतचा दुसरा ड्रायव्हर झुलाल, त्याला टपावर चढवून टेप खाली सोडायला लावली.

मिस्त्री म्हणाले, वर हातभर मोकळं ठेवा. मी चारच बोटं ठेवायला लावली. छत उंच गेलं की पायऱ्या वाढतात, आणि क्लच दाबून दाबून ह्यांचे गुडघे गेलेत. माझं कौतुक करायला कोणी थांबलं नाही. गाडी गेली. कप रस्त्याच्या कडेला ठेवलेला सापडला.

१९ जानेवारी

स्लॅब पडला! मजुरांना वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली. पोटभर जेवले सगळे, ढेकर दिले, गेले. मग मी बसले. समोर कोणी नसलं की बट्टी घशाखाली उतरत नाही.

२ फेब्रुवारी

फोन नाही.

३ फेब्रुवारी

आला. रेंज नव्हती म्हणे.

११ मार्च

वरच्या खोल्यांना रंग लागला. सारिकाचा धुळ्याहून फोन. 'आई, तिथे वर एकटीच राहशील का?' म्हटलं, तुझे बाबा येणारेत गं आता. पोरगी म्हणाली, 'हे तू माझ्या लहानपणापासून सांगतेस.'

खोटं काय बोलली? मला फार एकटं वाटतं. घ्या, लिहून टाकलं.

३० एप्रिल, आखाजी

फजिती! अक्षय्य तृतीया म्हणून वर्कशॉप उघडायचा आजचा मुहूर्त. सारिका सणाला माहेरी आलेली, अख्खी गल्ली रस्त्यावर उभी. हे रिकामी गाडी घेऊन आले, झेंडूच्या माळा घातलेली. मी आरतीचं ताट घेऊन पुढे. 'येऊ द्या, येऊ द्या' — आणि कर्रर्र! टप शटरच्या वरच्या बीमला घासला. शेजारच्या भागाबाई अक्का ओरडल्या, 'थांबा व! आडकली!'

हे उतरले. बीमकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'दिपमाला, तू भरेल गाडी मापली नं? रिकामी गाडी कमानीवर उठते!'

कमानीचं वर्कशॉप काढणाऱ्याची बायको मी! सगळे पोट धरून हसले, हेही. मीही हसले. नंतर मोरीत तोंड धुताना रडू कोसळलं. दिल्लीला केळी उतरवायची, येताना धान्य भरायचं. माझ्या दारात ती गाडी रिकामी अशी कधी उभीच राहिली नाही. मी कुठून बघणार!

बीम तोडता येत नाही. मिस्त्री आता खालची जमीन खोदून घेणार.

४ मे

खोदकाम चालू. गाडी रस्त्यावर, आणि हे गाडीत झोपतात. 'डिझल काढून नेतात लोकं.' बरोबर आहे. वर नवा पलंग, नवा पंखा, आणि मी.

११ मे

जमीन खाली गेली, गाडी आत! शटरला भक्कम कुलूप लागतं. तरी जेवून हे खालीच निघाले. 'केबिनमधीच डोया लागते माहा.' जेवताना अवाक्षर नाही. मी वाढते, ते ताटाकडे बघतात. मलाही काही सुचत नाही — फोनवर तर शब्द संपत नव्हते!

भांडी घासून होतात तो फोन वाजला. ह्यांचा! खालून! 'जेवली का?' अहो, समोरच तर जेवले! पण तोंडातून नेहमीचंच निघालं — हो, तुम्ही? 'भरीत झ्याक झालं होतं आज.'

बराच वेळ बोललो. हसलो सुद्धा. नवरा माझ्या पायाखालच्या खोलीत, आणि मी त्याला विचारतेय, तिकडे गरम होतंय का?

१४ मे

रोज फोन येतो. आज धीर करून विचारलं, वर का येत नाही? म्हणाले, 'खोटं नाही सांगत तुले. वर आलो का पाव्हन्यासारखं वाटते. घर तू बांधलं. कुठी बसावं, पानी कुठून घ्यावं, मले काही मालूम नाही.'

मी फोन ठेवला. रागाने नाही.

१७ मे

ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. दिल्लीची खेप आहे. हे 'बघतो' म्हणाले. बघतो! आणि दुपारी काच पुसली, चाकांची हवा पाहिली, झुलालला बोलावून घेतलं. मी जिन्यातून सगळं पाहत होते. डबा करू का, विचारलं नाही. सुटले एकदाची पोळ्या लाटण्यातून.

राग आलाय. पण रागापेक्षा भीती जास्त. ह्या वेळी गेले तर मी पुन्हा वाट बघणार नाही, आणि वाट बघायची नाही तर दिवसभर काय करायचं तेही मला ठाऊक नाही. संध्याकाळी फोन वाजला. उचलला नाही.

१८ मे

सकाळी शटर वर गेलं. गाडी निघाली, बऱ्हाणपूरकडे वळली. मी पडूनच होते, भिंतीकडे तोंड करून.

मग जिन्यावर चपला वाजल्या. हे दारात. काखेत केबिनमधली उशी. 'झुलाल गेला गाडी घेऊन.' उंबऱ्याच्या बाहेरच उभे, आत पाऊल टाकेनात. 'येऊ का?'

मी पदर सावरला आणि म्हटलं, 'या. बसा.'