डोलकाठीवरची अँटेना

तीर्थरूप ताईस, स्वयंपाक्याचा धक्क्यावरून नमस्कार. साष्टांग घातला असता, पण नावेवर तेवढी जागा नाही.

मी मजेत आहे. आमची शिडाची नाव आठवडाभर बांधलेलीच आहे. टीव्हीवर हवामान पाहिल्याशिवाय दोर सोडायचा नाही, ही कप्तानाची प्रतिज्ञा, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. शेवटी झारा ठेवून मीच अँटेना घेऊन डोलकाठीवर चढलो. नाव डुलली की चित्र जायचं. कप्तान खालून ओरडायचा, "आलं, आलं! गेलं! अहो, हलू नका!"

म्हटलं, "मी नाही, समुद्र हलतोय. त्याला सांगा."

तू पत्रात पडद्यांच्या कापडावर पानभर लिहिलंस आणि हृदयाच्या ऑपरेशनवर अर्धी ओळ: 'येत्या सोमवारी, किरकोळच आहे.' स्थितप्रज्ञाची लक्षणं मला अजून पाठ आहेत, पण त्या अर्ध्या ओळीनंतर एका जागी बसवत नाही. वेळेवर जेवतेस ना? रात्री झोप लागते?

काल सकाळी चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. त्यात नेमकं आमच्या वाटेवर वादळ दिसलं. आता दहा दिवस नाव हलत नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

तेव्हा झारा कप्तानाच्या हाती दिला आणि शुक्रवारच्या रेल्वेचं तिकीट काढलं. रविवारी पोचतो. 'कशाला आलास' हे वाक्य तयार ठेव, पण दार उघडायला जिना उतरू नकोस. किल्ली अजून माझ्या खिशात आहे.

इति,
तुझा चंचल धाकटा