रोज एकच वस्तू

प्रिय सुचिता,

मी बाथरूममध्ये घसरल्यावर तू पुण्याला राहायला बोलावलंस, मी नाही म्हटलं आणि तू फोन आपटलास. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. तुझा राग तुझ्यापाशी. मला सांगायचंय ते खालच्या किराणावाल्या दिपेशबद्दल. त्याचं लक्षण काही ठीक नव्हतं.

जुईनगर स्टेशनसमोर नवं मार्ट उघडल्यापासून अख्खी सोसायटी तिकडे पळते. साबणावर साबण फुकट, तूरडाळ स्वस्त. काही विचारलं तर मात्र तिथली मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता "आंटी, उधर देखो" म्हणते. गिऱ्हाईक तुटल्यावर दिपेश गोड होणारच, एवढं मला कळतं. पण किती? "काकी, पिशवी घरून आनत जा" म्हणून खेकसणारा हा माणूस लिफ्ट बंद असली तरी सामान वर आणून देऊ लागला, आणि तेही मार्टच्या भावात! मग ह्याला सुटतं काय? मी प्रत्येक पुडा घरच्या काट्यावर ठेवला. वजन बरोबर. तारखाही ताज्या. तरी माझं मन मानेना.

त्यात महिन्याचं सामान एकदम मागितलं तरी हा रोज एकच वस्तू आणायचा. आज रवा, उद्या साखर. "तेल नाय आलं काकी, उद्या आनतो." दुकानात तेलाचे डबे रचलेले मी स्वतः पाहिले होते! वर दारात उभा राहून गुडघ्याची चौकशी, आत डोकावणं. एकट्या बाईच्या घरात हा काय शोधतोय? मी साखळी लावूनच दार उघडायला लागले.

परवा हट्टाने मी सगळं मार्टमधून आणलं. काल सकाळी तरीही बेल वाजली. दारात दिपेश, रिकाम्या हाताने. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. घाबरून बोलून गेला, "सुचिताताई रोज फोन करून विचारतात, काकी उठल्या का, चालतात का. तुमाला सांगू नको बोलल्या." मग हा मार्टचा भाव कशाला रे, म्हटलं. तर म्हणतो, "तुमी मार्टला गेल्या तर मी बेल काय सांगून मारू?"

त्याला चहा पाजला. तो गेल्यावर खूप रडले, आधी रागाने, मग नुसतीच. सुचिता, त्या बिचाऱ्याला जिने चढायला लावू नकोस. आई कशी आहे, हे मलाच विचार. गुडघा दुखतो, आणि तुझी फार आठवण येते.

तुझीच,
आई