ब्रह्मकमळाची तिसरी कळी

२ एप्रिल

खोली मिळाली, आणि अशी मिळाली की गोदामातले सगळे जळतील. वरचा मजला, स्वतंत्र जिना, न कुरकुरणारा पंखा आणि पुढे काचेची बंद गॅलरी. गॅलरीभर कुंड्या, आणि सगळ्यांत ब्रह्मकमळं. निवडुंगाच्या घराण्यातलं झाड, पण काटा एकही नाही. नुसती लांब, चपटी, मऊ पानं, एकमेकांच्या गळ्यात पडलेली. फुलतं रात्री, आणि सकाळी मान टाकतं.

घरमालकीण काकू खाली एकट्याच राहतात. गुडघे दुखतात म्हणून त्यांना जिना चढवत नाही. अट एकच : झाडांचं मी बघायचं. झाडांतलं तुला काय कळतं, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की काही नाही, पण सांगितलेलं तंतोतंत करतो. त्यावर त्या म्हणाल्या, की मग झालं, कळणारे फार बघितले.

नोकरीही बरी आहे. औषधांच्या खोक्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लिहायच्या. मी आठवी नापास, पण चिठ्ठ्यांत एक चूक सापडली तर शपथ. मुकादम मला मास्तर म्हणून चिडवतात.

जूनच्या अखेरीला धाकट्या बहिणीला, ठकीला, घेऊन येणार. आईबाबा गेल्यापासून ती आत्याकडे आहे. आत्या वाईट नाही, पण आश्रिताला घासही मोजून घ्यावा लागतो. इथे गॅलरीच्या बाजूला तिची खाट बसेल. मी पावलांनी मापून बघितलं.

९ एप्रिल

काकू जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसतात आणि खालून ओरडून शिकवतात. पाणी माती सुकल्यावरच. ऊन कोवळं. वाकलेला दांडा काठीला बांधायचा, पण दोऱ्याने नाही. दोरा कापतो. रुंद चिंधीने बांधायचा, आणि चिंधी कोऱ्या कापडाची. त्यांच्याकडे पांढऱ्या कापडाचा तागा आहे, त्यातल्या पट्ट्या त्या स्वतः कापून देतात. वापरलेलं कापड कुजतं म्हणाल्या.

खाली किल्ल्या करून देणाऱ्या काकांचं दुकान आहे. ते म्हणाले, म्हातारी स्वतः विटलेली वस्त्रं नेसते आणि झाडांना कोरं कापड. पुढच्या जन्मी मी इथे कुंडीत येणार आहे. काकूंनी आतूनच उत्तर दिलं, की तू आलास तर पाणी घालणार नाही.

२८ एप्रिल

काकू गुडघ्यांच्या उपचारासाठी आठवडाभर दवाखान्यात. आणि आजच मोठ्या कुंडीतला सगळ्यात जाड दांडा कलंडला. बुडाशी चीर पडलेली. पट्ट्या संपलेल्या, तागा काकूंच्या कुलूपबंद खोलीत. दांडा रात्रीत मोडला असता.

माझा काचेचा कप फुटू नये म्हणून ठकीने तो तिच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळून दिला होता. त्याची एक पट्टी फाडली. कुजायला नको म्हणून दोनदा उकळली, वाळवली, मग बांधली. काकू आल्या की बदलून टाकीन.

१९ मे

बदलायची राहिली. दांडा चांगला सावरला होता, उगाच कशाला हलवायचा असं झालं.

आज बघतो तर त्याच दांड्याला तीन कळ्या! देठ आधी खाली लोंबतो आणि मग टोकाशी वर वळतो, कोणीतरी मान उचलून बघावं तसा. काकूंना खाली जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की चिंधीचं सांगायला जीभ रेटेना.

ठकीला फोन केला. म्हणाली, दादा, मी येईपर्यंत एक तरी थांबवून ठेव, नाहीतर तुझ्याशी कट्टी. फोनमध्ये शेपट्या भुंकत होता. आत्याचा कुत्रा, पण झोपतो ठकीच्या पायाशी.

६ जून

पहिलं फूल उमललं. खुर्ची टाकून समोरच बसलो होतो. बाहेरच्या लालसर पाकळ्या आधी सुटल्या, मग आतला पांढरा द्रोण हळूहळू मोठा होत गेला. डोळ्यांना हालचाल दिसत नाही, पण नजर वळवून परत बघावं तर पुढे गेलेलं असतं.

वास मात्र काकू सांगतात तसा नव्हता. गोड नव्हता. ठकीच्या केसांच्या तेलाचा होता. पेन्सिलीच्या सालीचा. आणि ताप आला की तिच्या कपाळाला यायचा, तो.

घरची आठवण माणसाला काय काय हुंगायला लावते. थोडा रडलो.

७ जून

आत्याचा फोन. शेपट्या सकाळपासून ठकीवर गुरगुरतोय. तिला खाटेजवळ येऊ देत नाही. चोर शिरल्यासारखा भुंकतो. कुत्र्याला उन्हाळा बाधला, असं आत्याचं म्हणणं. ठकी मागे रडत होती. मी हसण्यावारी नेलं.

११ जून

दुसरं फूल. तोच वास, जास्त दाट. गॅलरीचं दार लावलं तरी उशीपर्यंत आला. ठकी खोलीत उभी आहे असं वाटून दोनदा हाक मारली.

१२ जून

पुन्हा आत्याचा फोन. आवाज दबका. विचारत होती, की ही मुलगी कोणाची आहे. सकाळी उठले तर घरात बसलेली, तुझं नाव सांगते, तू पाठवलीस का.

मी म्हटलं, आत्या, ती ठकी आहे. तुझी भाची. नऊ वर्षं तुझ्याकडे आहे.

आत्या म्हणाली, की थट्टा पुरे, हिला आजच्या आज घेऊन जा, नाहीतर बाहेर काढीन.

ठकीशी बोललो. ती कुजबुजत होती. म्हणाली, दादा, तू तरी मला ओळखतोस ना.

शेवटची गाडी निघून गेली होती. किल्लीवाल्या काकांचा भाऊ आत्याच्याच गावात असतो, तो तिला रात्रीपुरता घरी घेऊन गेला. उद्या सकाळी निघतो.

१३ जून, सकाळ

निघालो नाही. निघताना गॅलरीत गेलो. तिसरी कळी मुठीएवढी फुगली आहे आणि देठ खोलीकडे वळला आहे.

चिंधी सोडवायला गेलो. सुटत नाही. गाठ दिसतच नाही. दांडा तिच्यावरून वाढला आहे. फ्रॉकचा निळा काठ सालीच्या आत, शिरेसारखा.

खाली जाऊन काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

१३ जून, दुपार

काकूंनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

त्यांनी तरुणपणी यजमानांचा जुना सदरा फाडून हेच झाड बांधलं होतं. पहिल्या फुलानंतर यजमानांचा घोडा त्यांना पाठीवर बसू देईना. दुसऱ्यानंतर सख्ख्या आईने दार उघडलं नाही. तिसरी कळी काकूंनी भीतीने कापली. तेव्हापासून यजमान खुर्चीत बसून राहिले. भरवलं तर खायचे. आपण कोण, हे त्यांना मरेपर्यंत सांगता आलं नाही. अर्धं नेलेलं अर्धंच राहिलं.

झाड का ठेवलंत, असं मी ओरडून विचारलं. म्हणाल्या, वर्षातून एकदा एका फुलाला त्यांच्या तंबाखूचा वास येतो रे. ते टाकू कसं.

मग खाली बघत म्हणाल्या, की कळीला कोणीतरी लागतंच. चिंधीवर दुसऱ्याच्या अंगच्या कापडाची चिंधी बांधली, तर कळी त्याला घेते. पहिल्याचं परत देते, असं त्यांच्या सासूबाई सांगत. खरंखोटं माहीत नाही. त्या वेळी मला स्वतःची बाही फाडता आली असती, म्हणाल्या. फाडली नाही.

मला म्हणाल्या, बाळा, तू लहान आहेस, गाडी पकड, जा.

१३ जून, संध्याकाळ

ठकीला फोन लावला. विचारलं, बरी आहेस ना. म्हणाली, हो. मग म्हणाली, इथल्या काकू नाव विचारतात. मी काय सांगू?

तुझं नाव सांग, म्हटलं.

हो, पण काय —

अजून कळी उमललेली नाही. बाहेरच्या पाकळ्या सुटल्या आहेत, एवढंच.

अंगातला सदरा फाडला. गोदामात दिवसभर घातलेला. घामाचा, डिंकाचा, शाईचा. न धुता. चिंधीवर चिंधी घट्ट बांधली. गाठ तीनदा सुटली.

रात्र

उमलतंय.

दिवा मालवला नाही. लिहीत राहिलो तर —

वास तेलाचा. अजून तेलाचा. ठकीचाच. देवा, उशीर —

नाही. थांब. डिंक. डिंकाचा वास येतोय. शाईचा. माझा आहे. माझा —

काकू जिना चढून आल्या. गुडघे धरत, भिंतीला टेकत. दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कोण रे तू, आणि माझ्या घरात काय करतोस.

मी सांगितलं. काय सांगितलं, आता —

पहाट

फोन वाजला. पलीकडे एक मुलगी, खणखणीत आवाज. तिची आत्या रात्रीच धावत येऊन तिला घरी घेऊन गेली म्हणे. मागे आत्याच ओरडत होती, की ठके, दूध उतू जातंय, फोनवर कसली बसलीस.

मला फार आनंद झाला. का झाला ते —

ती म्हणाली, काल संध्याकाळी माझ्या फोनवर तुमचा फोन येऊन गेलाय. दादा असं नाव दिसतंय. पण मला तर दादा नाही. आपण कोण बोलताय?

मी सांगणार होतो. ओठावर होतं. लिहून बघतो, लिहिलं की येईल. मी तिचा

मी तिचा