बसगाड्या रिकाम्या करण्याची मोहीम

४ ऑक्टोबर, सकाळी ८.१५
आज युद्ध पुकारलं. सध्या फक्त या वहीत.

क्रूझच्या ऑफिसचं पत्र काल आलं. चार ओळी. जहाजावरून दिवसभरासाठी उतरणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवणारे जे गाईड असतात, त्यांच्या यादीतून माझं नाव काढलंय. एकोणीस वर्षांनी! कारण काय, तर 'पाहुण्यांचे अभिप्राय पाहता'. सोबत अभिप्रायांचे नमुनेही. पहिलाच नमुना : 'गाईडला माहिती खूप आहे, पण...' पुढे बरंच काही लिहिलंय. मुद्दा पहिल्या चार शब्दांत आला, म्हणून पुढचं वाचलं नाही.

सही गिचमिड. खाली हुद्दा : शोअर एक्स्कर्शन मॅनेजर, किनाऱ्यावरच्या सहलींची प्रमुख. म्हणजे तीच. निळा कोट, हातात वॉकीटॉकी, धक्क्यावर उभं राहून बसेस सोडणारी. हिला मी यापुढे शोअर-मॅडम म्हणणार. मनात याहून वाईट म्हणणार.

माझी बस मौनीबुवाला दिली. हा गाईड किल्ल्यासमोर उभा राहतो, 'हा किल्ला' म्हणतो आणि बाजूला होतो.

बायकोला पत्र दाखवलं. ही म्हणाली, झालं ते बरं झालं, घशाला आराम पडेल. घरातच फितुरी.

संकल्प : १) सूड. २) तोही थंड डोक्यानं. ३) रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. घसा हेच शस्त्र.

६ ऑक्टोबर, सकाळी ७.००
गुळण्या झाल्या. प्लॅनही झाला.

प्रायव्हेट शोअर एक्स्कर्शन! तिच्या बसमध्ये चव्वेचाळीस माणसं कोंबलेली. माझ्याकडे फक्त सहा. आपली गाडी, आपला गाईड, आपलं गाव. लोकांना एकदा ही चटक लागली की तिच्या बसमध्ये कोण चढतंय! हंगामात चौदा जहाजं येतात. जानेवारीपर्यंत निम्म्या बसेस रिकाम्या. फेब्रुवारीत मॅडम धक्क्यावर हात जोडून उभी. मी म्हणणार, 'अभिप्राय पाहता, शक्य नाही.'

आरशासमोर म्हणून पाहिलं. 'पाहता'नंतर थोडं थांबलं की जास्त झोंबतं.

९ ऑक्टोबर
गाडीसाठी मेव्हण्याकडे गेलो. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायला नेतो-आणतो, त्यासाठी त्याची नऊ सीटची व्हॅन आहे. माणूस दिवसातून वीस शब्द बोलतो. त्यातले बारा 'बघू'.

त्याला तासभर सगळी मोहीम समजावली. तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, चारला टॉवेल उचलायचे असतात. याला मी होकार समजतो.

व्हॅनला साबणाचा वास येतो. स्वच्छतेचा पुरावा म्हणून तो वापरता येईल.

१४ ऑक्टोबर
जाहिरातीचं पत्रक लिहिलं. अकरा पानं. प्रस्तावनेतच यादीतल्या अन्यायाचा सविस्तर परामर्श घेतला.

थोरली छपाईच्या दुकानात डिझाईनचं काम करते. तिनं वाचलं. बाप म्हणून तिचा चेहरा मला वाचता येतो, ती भारावली होती. संध्याकाळी तिनं छापून आणलं ते चार ओळींचं. 'लहान गाडी. तुमच्या आवडीची ठिकाणं. शांतपणे बघा. वेळेत परत.' नेटवरही तेच टाकलं म्हणे. 'शांतपणे' हा शब्द कुठून आला, विचारलं. म्हणाली, बाबा, लोकांना तो आवडतो.

मूग गिळून बसलो. सेनापतीला दारूगोळा मिळेल तो वापरावा लागतो.

२१ ऑक्टोबर, दुपारी २.००
पहिलं जहाज आलं. गेटच्या आत यादीतल्या गाईडांनाच प्रवेश. वॉचमननं एकोणीस वर्षांच्या ओळखीला स्मरून मला सन्मानानं बाहेर काढलं. पार्किंगच्या पलीकडे सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, त्याच्या कोपऱ्यावर बोर्ड धरून उभा राहिलो. जागा मोक्याची. सगळे तिथे येतात.

एकूण सदतीस जण माझ्याशी बोलले. सदतीस जणांनी दार कुठलं ते विचारलं. एका बाईला आत जाण्यापूर्वी किल्ल्याची पार्श्वभूमी सांगायला घेतली होती, पण तिला घाई होती.

बुकिंग शून्य. पण मॅडमनं मला पाहिलं! लांबूनच. आणि ताबडतोब काळा गॉगल लावला. नजर लपवावी लागली म्हणजे घाव वर्मी बसला. (ही म्हणाली, ऊन होतं ना आज?)

३ नोव्हेंबर
दुसरं जहाज. शून्य. गुळण्या बंद केल्या. दात शिवशिवतात. बाकी निर्धार कायम.

१९ नोव्हेंबर
चौथं. एकानं पत्रक घेतलं, नीट घडी घातली, डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सरकवली आणि बाकावर बसला. मॅडमच्या अकराच्या अकरा बसेस भरून माझ्या समोरून गेल्या. सातव्या बसमधून मौनीबुवानं हात केला. मी केला नाही.

२ डिसेंबर, सकाळी ९.४०
बुकिंग!!!

थोरलीनं मेल वाचून दाखवला. चौदा तारखेच्या जहाजावरचं वयस्कर जोडपं. आजोबा निवृत्त घड्याळजी, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आजींचे वडील आमच्या दीपगृहावर दिवा सांभाळायला होते. आजींचा जन्म तिथलाच, सहा वर्षांच्या असताना कुटुंब हललं. त्यानंतर आता पहिल्यांदा या किनाऱ्याला येतायत. जहाजाच्या सहलीत दीपगृह नाही. मेलमध्ये शेवटी लिहिलंय, 'आम्हाला दुसरं काही बघायचं नाही. ती तिथे थोडा वेळ बसेल, एवढंच.'

म्हणजे मॅडमच्या अकरा बसेसना जे जमत नाही ते फक्त माझ्याकडे! आता दीपगृह हेच माझं ब्रह्मास्त्र. आणि ब्रह्मास्त्र पहिल्या फटक्यात सोडायचं नसतं. आधी किल्ला, दोन्ही दरवाजे, जुनी जकात कचेरी, मातीच्या भांड्यांचा कारखाना, बाजार, पाण्याचा हौद, आणि शिखरावर दीपगृह. दोघं जहाजावर जाऊन दोन हजार लोकांना सांगतील. जानेवारीत बसेस रिकाम्या.

थोरली म्हणाली, बाबा, त्यांना फक्त दीपगृह हवंय. मी म्हणालो, त्यांना काय हवंय ते त्यांना अजून कळलेलं नाही.

१४ डिसेंबर, सकाळी ८.५०
निघतोय. इस्त्रीचा शर्ट. मेव्हण्यानं व्हॅनमधून चादरी काढल्यात. चार वाजेपर्यंत त्यांना धक्क्यावर सोडायचं. साडेचारला जहाज सुटतं. वेळच वेळ आहे. आज मॅडमच्या नाकावर टिच्चून.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०
जहाज गेलं.

कसं गेलं ते शांतपणे लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट राहील.

माणसं फार गोड. आजी लहानखुऱ्या, मांडीवर पिशवी, पिशवीत वडिलांचा फोटो. गाडीत बसताच म्हणाल्या, आधी दीपगृहावर गेलो तर चालेल का? मी म्हणालो, आजी, गोड शेवटी. त्या हसल्या. मेव्हणा आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याला यातलं काय कळतंय.

किल्ल्यावर माझा आवाज असा काही लागला की दोन तास कसे गेले कळलं नाही. (मला.) आजोबा पायरीवर बसून मनगटावरचं घड्याळ बघत होते. जुन्या धंद्याची सवय, मी समजू शकतो. जकात कचेरीत परत बघितलं. भांड्यांच्या कारखान्यात तर मला म्हणाले, निघूया का, दोन वाजले. माझ्या घड्याळात एक. मी त्यांना प्रेमानं सांगितलं, आजोबा, तुमचं घड्याळ तासभर पुढे आहे.

ते म्हणाले, 'तसं नसावं. चाळीस वर्षं हेच केलंय. जहाजावर हीच वेळ आहे.'

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जहाजावरची घड्याळं कुणाच्या ताब्यात? मॅडमच्या! माझे पाहुणे लवकर परत यावेत, माझी सहल अर्धी राहावी, म्हणून मुद्दाम घड्याळं पुढे लावली असणार! मी हा डाव आजोबांना उलगडून सांगितला. त्यांनी घड्याळ कानाशी नेऊन ऐकलं. मग मीच त्यांचं घड्याळ हातात घेऊन एक तास मागे लावून दिलं. त्यांनी ते रुमालानं पुसून परत मनगटावर बांधलं. दुसऱ्याचा हात आपल्या घड्याळाला लागला की घड्याळजी हळवा होत असावा.

मेव्हणा म्हणाला, धक्क्यावर विचारू का? आज त्याचे शब्द वीसच्या वर चालले होते. मी गप्प केलं.

दीपगृहाशी सव्वातीनला पोचलो. आजी उतरल्या आणि फाटकाच्या कडीला हात लावून उभ्या राहिल्या. मी उंची सांगितली, पायऱ्यांची संख्या सांगितली, दिव्याच्या भिंगाचं वजन सांगायला घेतलं. आजी म्हणाल्या, 'एक मिनिट हं.' मी एक मिनिट थांबलो. मग वजन सांगितलं. तेवढ्यात मेव्हणा समुद्राकडे बोट दाखवून म्हणाला, भाऊजी, ते जहाज हललंय.

हललं होतं.

जहाज चालतं ते जहाजाच्या घड्याळावर, आणि ते घड्याळ मागच्या बंदरापासून एक तास पुढेच असतं म्हणे. उतरताना सगळ्यांना सांगतात म्हणे. एकोणीस वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. वेळ बसमधला मदतनीस बघायचा, माझ्याकडे ज्ञानविभाग होता. आणि बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, प्रायव्हेट गाडीसाठी थांबत नाही. असा दुजाभाव!

धक्क्यावर जहाज कंपनीचा एजंट दोघांचे पासपोर्ट घेऊन उभा होता. मॅडमनं जाताना त्याच्याकडे ठेवले होते. त्यानं तिला फोन लावला. उद्या दुपारच्या गाडीनं दोघांना पुढच्या बंदराला पोचवायचं ठरलं. तिनं विचारलं, गाईड कोण आहे? एजंटनं माझं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. फोनवर हात ठेवून मला म्हणाला, मॅडम विचारतात, नवीन आहात का?

ढोंगी बाई!

एजंट म्हणाला, ढोंग कसलं, त्या याच हंगामात आल्यात. पत्र पाठवणाऱ्या मॅडम वेगळ्या, त्या सप्टेंबरअखेर नोकरी सोडून गेल्या.

दोन महिने दातओठ खाल्ले ते कुणावर? पण मी तत्त्वाचा माणूस आहे. कोट तोच आहे.

आजी-आजोबांना घरी आणलंय. ही त्यांना गरम गरम वाढतेय. माझ्याशी कुणी बोलत नाहीये. सगळे दमलेत.

१५ डिसेंबर, सकाळी ११.३०
आज दिवस उजाडला तेव्हा आजी आवरून बसल्या होत्या. गाडी दुपारची, तोवर दीपगृहावर जाऊन येऊ म्हणाल्या. मी शर्ट चढवला. आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'तुम्ही काल खूप बोललात. आज आराम करा.' इतक्या आपुलकीनं म्हणाले की दारातच थांबलो.

मेव्हणा घेऊन गेला. त्याच्याकडून काय झालं ते काढायला अर्धा तास लागला. आजी दोन तास दीपगृहाबाहेरच्या ओट्यावर बसल्या. फोटो मांडीवर. मग जिथे स्वयंपाकघर होतं तिथली भिंत हातानं चाचपली. म्हणाल्या, आई इथे बसायची. रडल्या थोड्या. मेव्हण्यानं व्हॅनमधला धुतलेला टॉवेल दिला. बास.

म्हणजे पूर्ण दोन तास, माहितीचा एक कण न देता! मी विचारलं, अरे, निदान बांधकामाचं साल तरी सांगितलंस का? तो म्हणाला, 'त्यांनी विचारलं नाही.'

जाताना आजींनी हिला मिठी मारली. मला नमस्कार केला. आजोबांनी व्हॅनमध्ये बसता बसता मनगटावरचं घड्याळ पुन्हा एक तास पुढे केलं. माझ्याकडे न बघता केलं, ही त्यांची सभ्यता.

एक कबूल करतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. व्हॅन गेल्यावर मी बराच वेळ फाटकातच उभा होतो.

मग आत येऊन लिहिलं : चूक माझ्या मोठेपणाची. मी त्यांना फार दिलं.

२० जानेवारी
क्रूझच्या ऑफिसमधून फोन. मी 'अभिप्राय पाहता' तोंडाशी तयार ठेवलं. फोन मेव्हण्यासाठी होता.

आजींनी कंपनीला पत्र लिहिलंय. दीपगृहावरची ती सकाळ आयुष्यभर पुरेल, असं. शोअर-मॅडमनं पुढच्या हंगामाची वाट न बघता दीपगृहाची सहल अधिकृत यादीत घेतली. लहान गाडी, सहा माणसं, ड्रायव्हर मेव्हणा. गाईड नाही. जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात : 'गाईडविना, शांत सहल.'

माझी कल्पना! माझं दीपगृह! आता सूड दुप्पट. मॅडम आणि मेव्हणा दोघांवर.

ही म्हणाली, तुमचा सूड त्याला चांगला लाभला.

११ फेब्रुवारी
मेव्हणा घरी आला. वयस्कर पाहुण्यांना व्हॅनमधून उतरवायला, हाताला धरून चढवायला एक माणूस हवाय. मॅडमनं त्यालाच निवडायला सांगितलंय. मी म्हणालो, विचार करावा लागेल. तो म्हणाला, बघा. मग दाराशी थांबून एक अट सांगितली. ती इथे लिहीत नाही.

रात्रभर विचार करायचं ठरवलं होतं. जेवण झाल्याबरोबर होकार कळवला. शत्रूच्या गोटात शिरायची संधी रोज येत नाही. आत राहून पोखरणार.

३ मार्च, दुपारी ४.३०
पहिला दिवस. गेटच्या आत प्रवेश मिळाला. निळा टी-शर्ट दिलाय, पोटावर तंग होतो. मॅडम समोरून गेली, मला म्हणाली, गुड मॉर्निंग. मी प्रतिकार म्हणून नुसती मान हलवली.

सहा पाहुणे. दिवसभरात 'सांभाळून, पायरी आहे' बारा वेळा म्हणालो. पाण्याच्या बाटल्या वाटल्या. सगळे ओट्यावर बसून समुद्राकडे बघत राहिले. वारा होता. मीही बसलो. बोलायचं नाही म्हटल्यावर दुसरं करणार काय.

परत निघताना एका आजोबांनी मला विचारलं, हे दीपगृह किती जुनं आहे हो?

मेव्हण्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, 'जुनं आहे.'