अरीबच्या झोपेचं परमिट

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ७
आजपासून पंधरा दिवस रजा. अरीब साडेचार महिन्यांचा झाला तरी घराला वेळापत्रक नाही. कुबरा म्हणते, दुपारी सलग तासभर झोप मिळाली तरी पुरे, नाहीतर बाळाला घेऊन चार महिने श्रीवर्धनला आईकडे जाते. गुरुवारी तिकीट काढणार. म्हणजे हातात चार दिवस. मी इथे सौदीत रास तनुराला रिफायनरीच्या दुरुस्ती-शटडाऊनचं प्लॅनिंग करतो, नऊशे माणसं हलवतो. हे तर सात किलोंचं बाळ.

संध्याकाळी ५
फ्रिजवर तक्ता लावला. दूध, मालिश, अंघोळ, झोप, चार रंग. प्लांटचाच नियम घरी: सही केलेल्या परमिटशिवाय कुठलंही काम सुरू करायचं नाही. कुबराने तक्ता वाचला आणि मीठ संपलंय म्हणाली. पटलेलं दिसतं.

सोमवार, ३
समाधानकारक. साडेअकराची झोप अरीबने पावणेदहाला घेतली, कारण दूध लवकर झालं. दूध लवकर झालं, कारण तो रडला. रडण्याला तक्त्यात जागा नव्हती. पाचवा रंग आणला.
मालिशच्या वेळी परमिट सापडेना. पोरगं उघडं, कुबराचे हात तेलाचे. सापडेपर्यंत त्याने माझ्या शर्टावर कार्यक्रम उरकला. विनापरमिट.

मंगळवार, ४
पाच मिनिटांची सेफ्टी मीटिंग घेतली. कुबराला उभ्या उभ्या डुलकी लागली. विषय महत्त्वाचा होता.
दुपारी तिला झोपायला पाठवलं. दर वीस मिनिटांनी दार उघडून झोप लागली का ते तपासलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, लागली होती.

बुधवार, ५
सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. तक्ता दाखवला. म्हणाल्या, यासीन, बाळाला भूक काय घड्याळ बघून लागते? जुन्या पिढीचा विरोध अपेक्षितच होता.
दुपारी प्लांटमधून फोन. उद्या एक दिवस यावंच लागेल. नेमका तिकिटाचा दिवस. कुबराला एकटीला कसं जमणार? तीन पानी सूचना लिहून ठेवतोय. खरं सांगायचं तर, त्या दोघांशिवाय दम्मामच्या या फ्लॅटमध्ये चार महिने मला काढवणार नाहीत. हे सूचनांमध्ये लिहिलेलं नाही.

गुरुवार, ६. संध्याकाळी ५
दार शेजारच्या सुरैयाभाभींनी उघडलं, तोंडावर बोट ठेवून. आत अरीब झोपलेला. त्याच्या बाजूला कुबराही. दोन तास झाले म्हणे. कोणतं वेळापत्रक वापरलं, विचारलं. भाभी म्हणाल्या, कुबराचं रोजचंच. बाल्कनीत थोडं ऊन, तेल, अंघोळ, दूध, मग पडदा ओढायचा. त्या फक्त बाजूला बसून होत्या, बाळ उठलंच तर घ्यायला. आणि गप्प होत्या.
सूचनांची तीन पानं न उघडता तशीच पडली होती. पुढच्या वेळी एक पान करू.

शुक्रवार, ७
कुबरा म्हणाली, तिकीट काढत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहायला हरकत नाही, वाचणारं कोण आहे.
भाभी रोज दुपारी तासभर बसायला तयार आहेत. कुबराची अट एकच. रजा रद्द करा.
थकलीय बिचारी. म्हणून असं बोलते.

रविवार, ९. सकाळी ६
रजा रद्द. मॅनेजर उस्मानसाहेबांनी काल फोनवर विचारलं, बाळाची घडी बसली का? म्हणालो, बसली, आठवड्यात बसवली. आता घरी माझी गरज नाही. ते खूश झाले. मग शटडाऊन संपेपर्यंत रिफायनरीच्या कॅम्पवरच राहा म्हणाले. सहा आठवडे.
कुबराने बॅग भरून दिली. मी बूट घालायला बसलो तर अरीब माझ्याकडे बघून खळखळून हसला. असा पहिल्यांदाच. कुबरा म्हणाली, थांबा, परत हसेल. खाली कंपनीची बस हॉर्न देत होती.