शितलीची टेप

३ फेब्रु., मंगळ.
पुन्हा तेच. आबा ऐकायलाच तयार न्हाईत. किती वेळा सांगू, मी मुंबईत ऑडिशनच्या हापिसात हाय म्हंजे काय रोल वाटत बसत न्हाय. पोरांची नावं पुकारायची, पाणी द्यायचं, अन् कॅमेऱ्यामागं उभं राहून समोरच्या माणसाचं वाक्य बोलायचं, एवढंच माझं. निवडतात मॅडम. आज शंभरावर पोरं आली. मॅडमनी चार परत बघितली. एकबी ठेवलं न्हाय.
हे सांगितलं तर आबा म्हणले, "तुझं झालं न्हाय म्हणून बहिणीचंबी होऊ देईनास व्हय रं?"
फोन ठेवला. म्याच ठेवला.

५ फेब्रु., गुरु.
रोल नऊ-दहा वर्षांच्या पोरीचा. गावाकडची. भाऊ लांब कामाला, त्याचा फोन येतो. भाऊ मी. "काय आणू तुला?" पोरीनं म्हणायचं, "काय नको दादा, तू ये." अन् रडायचं.
दिवसभर मी विचारतो काय आणू, दिवसभर पोरी म्हणतात तू ये. दाराबाहेर आया तयारी करून घेतात. एक म्हणत होती, "आपला टॉमी मेला ते आठव, मग येतं रडू." पोरगी म्हणली, "सकाळपासून तोच आठवतेय गं, आता नाही येत."
घसा बसला. खोलीवर बाकीचे कामावर गेलेले. भात लावला. जेवलास का म्हणून विचारणारं एकबी न्हाय.
ते वाक्य म्याच आईला फोनवर सांगून बसलो. आता शितली घरभर तेच म्हणत फिरायली म्हणं.

८ फेब्रु., रवि.
सुट्टी. शितलीची टेप आली, आबांनी फोनवर काढलेली. मामाच्या लग्नातला घागरा, तोंडाला पावडर, केस पार्लरात जाऊन. शाळेतल्या सरांनी पाठ करून घेतलेलं, ग्यादरिंगमधल्यावानी हात वर करून "दादा, मला काहीही नको, तू लवकर ये!" अन् शेवटी नमस्कार. मागून आबांचा आवाज, "रड, रड आता."
लई हसलो. मग एकट्यानं किती हसायचं.

१० फेब्रु., मंगळ.
मॅडमला टेप लावून दिली. बहीण म्हणून सांगितलं न्हाय. घागरा दिसला की म्हणल्या, "पुढचं."
म्या पुढचं लावलं.
आबांना सांगितलं, बघू म्हणल्यात.
दोन वर्षांमागं निवडलेला एक पोरगा आज दुसऱ्या रोलसाठी परत आला. तवा पेपरात फोटो आलता त्याचा. आता मिसरूड फुटायलंय, आवाज फाटलाय. नंबर घेऊन रांगेत बसला. मॅडमनी ओळखलं न्हाय. म्या ओळखलं. पाणी दिलं त्याला, दोनदा.

१२ फेब्रु., गुरु.
शितलीनं आपणहून व्हिडिओ कॉल केला. आबा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर, ऊस खाली व्हायला नंबर लागंना. आई शेंगा फोडत बसलेली. शितली शाळेच्या शर्टातच, केस तेल लावून चप्प.
"दादा, माझं कवा होणार?"
म्हणलं चल, पुन्हा घेऊ. रेकॉर्डिंग चालू केलं.
"काय आणू तुला?"
"काय नको दादा..." अन् थांबली. आईच्या सुपातली शेंग उचलून तोंडात टाकली. "मागं दिवाळीलाबी तू ये म्हणलं होतं. आलास का? मग कंपासच आण. वर वाघ असलेला."
आई म्हणली, "अगं, नीट म्हण की!"
माझं पुढचं वाक्य 'येतो की लवकर'. रोज शंभरदा म्हणतो. आज त्याच्याजागी विचारलं, वाघ केवढा पायजे?

१४ फेब्रु., शनि.
जेवणाच्या सुट्टीत तेच बघत होतो. मॅडम म्हणल्या, काय बघतोस? दाखवलं. दोनदा बघितलं त्यांनी.
"ही कोण?"
"बहीण."
"रडता येत नाही का हिला?"
"येतं की. माझ्या फोनला रडत न्हाय आता. सवय झाली."
संध्याकाळी यादी लागली. पाच पोरी, त्यात शितली. शुक्रवारी समक्ष बोलवलंय. भाडं ज्याचं त्यानं.

१५ फेब्रु., रवि.
आबांनी ढोकीत गावभर पेढे वाटले! म्हणलं आबा, पाचांत एक घेणार, चार परत जाणार.
"अरं, शंभरातनं पाचांत आली. आता पाचातनं एकात यायला किती लांब?"
तेच लांब असतंय. मी तिथवर तीनदा गेलतो. हे बोललो न्हाय.
मग आईनं फोन घेतला, बाजूला जाऊन. "झालं तर तिला तिकडंच ऱ्हावं लागंल व्हय रं?"
"शूटिंग हाय तवर."
"अन् न्हाय झालं तर?"
"तर परत."
"मग न्हाय झालं तरी चालतंय. तुला बघणं तरी होईल." पुढं काय म्हणणार होती, आबा आले.

१७ फेब्रु., मंगळ.
पुन्हा भांडण. आबा म्हणतात दोघींचं परत जायचं तिकीट आत्ताच काढू नको. जाण्याआधी परतीचं ठरवणाऱ्याला देव परत पाठवतो म्हणं. म्हणलं आबा, देव न्हाय, मॅडम पाठवतात. तर, "तुझी जीभच काळी हाय."
असंल.
कंपास घेतला. वाघ मिळाला न्हाय, चित्ता मिळाला. शितलीला फरक कळतोय, ऐकवणार मला.
पण द्यायचा कवा? आधी दिला तर मागायला काय उरलं तिला? अन् कंपासाचं सोडा, शुक्रवारी कॅमेऱ्यामागं मीच उभा असणार. काय आणू तुला म्हणून मीच विचारणार. मी समोर दिसल्यावर ती तसं बोलंल का? मॅडमला म्हणावं का, दुसऱ्या कुणाला उभं करा? मग पोरगी आत आल्या आल्या मला हुडकंल.
आईच्या अन् शितलीच्या येण्याचं भाडं. दोघींच्या परत जाण्याचंबी. आबा काय म्हणायचं ते म्हणोत.
आईच्या फोनवर टाकले, रु. २,६००.